सैन्य घटवताना नेमके काय घटते?

गेल्या अंकातील या सदरात संरक्षण खर्चाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात असे लिहिले होते, की शांततेच्या काळात सैन्य कमी करणे सोपे असते, पण ते पुन्हा उभे करणे फार अवघड असते. या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. काही पत्रे रागाची आहेत, काही काळजीची. दोघांनी मला युद्धखोर ठरवले आहे, तर एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी मी फारच मवाळ लिहितो अशी तक्रार केली आहे. निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, शाळांच्या खोल्या गळतात, आणि युद्ध नसताना बारा लाखांचे सैन्य वर्षानुवर्षे पोसले जाते. एरवी सैन्य निम्मे ठेवावे आणि युद्धाची चाहूल लागली की भरती करावी, यात नेमका धोका कोणता? — एक निवृत्त मुख्याध्यापक, उदगीर

गुरुजी, आपल्या प्रश्नामागची कळकळ खरी आहे, म्हणून आधी हिशेबच पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी केवळ निवृत्तिवेतनाचे होते. म्हणजे चारातला जवळजवळ एक रुपया आजच्या सैन्यावर खर्च होतच नाही, तो कालच्या सैन्याचे देणे फेडतो. उद्या सैन्य निम्मे केले तरी तो रुपया कित्येक वर्षे वाचणार नाही; उलट मुदतीआधी घरी पाठवलेल्यांची देणी त्यात वाढतील. (लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे कारण सीमेवरच्या खर्चात नव्हते, आमच्याच ऊस आणि पाण्याच्या हिशेबात होते, पण तो या सदराचा विषय नव्हे.)

उदगीर हा देवणी बैलांचा मुलूख, तेव्हा उदाहरण तिथलेच घेतो. टंचाईच्या उन्हाळ्यात कडबा महागला की शेतकरी बैलजोडी बाजारात नेतो, कारण त्या दोन महिन्यांत बैलाला काम नसते आणि वैरण मात्र रोज लागते. मृग बरसल्यावर तोच शेतकरी त्याच बाजारात उभा राहतो, तेव्हा भाव चढलेले असतात. पण भाव ही त्यातली लहान अडचण आहे. हाताशी लागतो तो बहुधा गोऱ्हा असतो, आणि गोऱ्ह्याच्या मानेला जुवाची सवय होईपर्यंत वापसा निघून जातो. सैन्यात ही सवय लागायला किती काळ जातो? साध्या शिपायाचे प्राथमिक प्रशिक्षण सहा-सात महिन्यांत होते. पण रात्रीच्या अंधारात, गोळीबार चालू असताना दहा माणसांना एकत्र ठेवणारा हवालदार बारा-पंधरा वर्षांच्या नोकरीतूनच तयार होतो आणि पलटण सांभाळणारा कर्नल व्हायला त्याहूनही अधिक काळ लागतो. या माणसांना बाजारभाव नाही. युद्धाची चाहूल लागल्यावर दहा हजार शिपाई भरती करता येतील, एक हवालदार भरती करता येणार नाही.

शिवाय ‘चाहूल’ लागेल हे आपण धरून चालतो. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने असे गृहीत धरून लष्करी अंदाजपत्रके करायची ठरवली, की पुढील दहा वर्षे मोठे युद्ध होणार नाही. गृहीतक त्या वेळी गैर नव्हते. गफलत झाली ती १९२८ मध्ये, जेव्हा तत्कालीन अर्थमंत्री चर्चिल यांच्या आग्रहाने ही दहा वर्षांची मुदत दररोज नव्याने सुरू होते असे ठरले; म्हणजे युद्ध कायमच दहा वर्षे लांब राहिले. पुढे नाझींविरुद्ध गरजणारे चर्चिल हेच, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतल्यावर १९३२ मध्ये हा नियम सोडून देण्यात आला. पण तोवर नौदलाच्या मागण्या आटल्या होत्या, गोद्या बंद पडल्या होत्या आणि कुशल कारागीर दुसऱ्या धंद्याला लागले होते. १९३० च्या दशकाच्या शेवटी पैसा उपलब्ध झाला तेव्हा जगातील सर्वांत मोठे नौदल बाळगणाऱ्या या देशाला जहाजांसाठीचे चिलखती पोलाद चेकोस्लोव्हाकियातून मागवण्याची वेळ आली. सैन्य घटते तेव्हा केवळ गणवेशातली माणसे घटत नाहीत. त्यांच्यामागचा लोहारही भाता बंद करून निघून जातो.

दुसरा धोका अधिक फसवा आहे, कारण तो कागदावर दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेच्या तिन्ही दलांत मिळून सुमारे १ कोटी २० लाख माणसे होती; तीन वर्षांत ती १५ लाखांच्या आसपास आली. जपानमध्ये ठेवलेल्या डिव्हिजनांची, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्यांची, नावे, झेंडे, मुख्यालये तशीच राहिली, पण तीन पलटणींच्या जागी दोनच पलटणी असलेल्या रेजिमेंट सर्रास होत्या आणि दारूगोळा जुन्या साठ्यातला होता. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने आक्रमण केले. अमेरिकेची पहिली तुकडी, ‘टास्क फोर्स स्मिथ’, सुमारे ५४० माणसांची होती आणि ५ जुलैला ओसानजवळ ती रणगाड्यांच्या रांगेसमोर उभी राहिली. तिच्या बझूकांचे गोळे टी-३४ रणगाड्यांवर आदळून निष्फळ ठरत होते, आणि रणगाडे भेदणारे तोफगोळे होते सहा. दुपार उलटता उलटता तिला माघार घ्यावी लागली. त्या मुलांचे धैर्य कमी पडले असे कोणीही म्हणणार नाही. पाच वर्षांपूर्वी जग जिंकलेले सैन्य नावाने तेच होते, एवढेच.

तिसरा धोका शत्रूच्या मनात जन्मतो. ब्रिटनने १९८१ च्या संरक्षण आढाव्यात दक्षिण अटलांटिकमधील आपले एकमेव गस्ती जहाज मागे घेण्याचे ठरवले आणि विमानवाहू ‘इन्व्हिन्सिबल’ ऑस्ट्रेलियाला विकण्याचा करारही पुढे केला. बचत किरकोळ होती. पण तिथल्या फॉकलंड बेटांवर हक्क सांगणाऱ्या अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी त्याचा अर्थ ‘ब्रिटनला या बेटांत रस उरलेला नाही’ असा लावला आणि २ एप्रिल १९८२ रोजी तिथे सैन्य उतरवले. त्या जहाजाची बचत ब्रिटनला किती महाग पडली ते सर्वांना ठाऊक आहे. बेटे परत घेण्यासाठी निघालेल्या ब्रिटिश मोहिमेचे नेतृत्व करणारे जुने ‘हर्मिस’ जहाज पुढे आपण घेतले. १९८७ पासून ते ‘आयएनएस विराट’ म्हणून आपल्या नौदलात होते. ती मोहीम वर्षभर उशिरा काढावी लागली असती, तर ‘इन्व्हिन्सिबल’ बहुधा ऑस्ट्रेलियाच्या बंदरात असती.

प्रश्न : १९६२ चा पराभव सैन्य कमी केल्यामुळे झाला, असे भाषणांत ऐकतो. ते खरे आहे का? त्यातून आपण काही शिकलो का? — एक वकील, जालना

जसेच्या तसे खरे नाही. १९६२ साली भारतीय सैन्य सुमारे साडेपाच लाखांचे होते, म्हणजे ते संख्येने लहान नव्हते. चीन हल्ला करणार नाही, या समजुतीवर त्याची मांडणी झाली होती, ही खरी चूक. पंजाबच्या मैदानी युद्धासाठी तयार झालेली चौथी डिव्हिजन १९५९ च्या अखेरीस अंबाल्याहून थेट ईशान्येच्या डोंगरांत पाठवली गेली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू ओढ्याकाठी चिनी हल्ला झाला तेव्हा आपल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, हातात जुन्या .३०३ रायफली होत्या आणि काडतुसे मोजून दिलेली होती. माणसे होती, पण त्यांच्या पाठीशी काही नव्हते. संख्या न घटवताही सैन्य कसे पोकळ करता येते याचे हे उदाहरण आहे.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि त्यानंतरच्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सैन्य ८ लाख २५ हजारांपर्यंत नेणे, त्यात दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करणे आणि हवाई दल ४५ स्क्वाड्रनचे (विमानांच्या पथकांचे) करणे अशी उद्दिष्टे ठरली. या कामाला पैसा होता, लोकांची जिद्द होती, अमेरिका आणि ब्रिटनची मदत होती. अधिकारी कमी पडू नयेत म्हणून तरुणांना अल्प प्रशिक्षणानंतर आणीबाणीचे कमिशन देण्यात आले. एवढे सगळे जुळूनही १९६५ चे युद्ध सुरू झाले तेव्हा ही उभारणी पूर्ण झालेली नव्हती. ज्यांना ‘गरज पडली की भरती करू’ असे वाटते, त्यांनी ही तीन वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत.

शिकलो का, याचे उत्तर अर्धे हो आहे. १९९८ मध्ये लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी स्वतःहून ५० हजार पदे कमी करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यातून वाचलेला पैसा शस्त्रसामग्रीसाठी मिळावा अशी त्यांची अपेक्षा होती. निर्णय विचारपूर्वक होता. पुढच्याच मे महिन्यात कारगिल उद्भवले. या कपातीमुळे कारगिल झाले असे मी मुळीच म्हणत नाही. ते हेरगिरीतले आणि टेहळणीतले अपयश होते. पण युद्धानंतर ती कपात गुंडाळावी लागली आणि लडाखसाठी सप्टेंबर १९९९ मध्ये चौदावी कोअर (अनेक डिव्हिजनांचा मोठा सैन्यगट) नव्याने उभी करावी लागली. सैन्य घटवायचे की नाही हा निर्णय आपला असतो, तो मोडायचा मुहूर्त मात्र शेजारी ठरवतो. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० जवान शहीद झाल्यानंतर लडाखमध्ये पन्नास हजारांहून अधिक सैनिक हलवावे लागले, आणि पाकिस्तानच्या दिशेने तोंड असलेली एक चढाईची कोअर उत्तरेकडे वळवावी लागली. पांघरूण तेवढेच आणि झोपणारे दोन, अशी ती अवस्था होती.

प्रश्न : कोस्टा रिका देशाने सैन्यच रद्द केले आणि तो सुखी आहे. आपण का करू नये? — एक वाचक, परभणी

कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य रद्द केले आणि पैसा शिक्षणाकडे वळवला, हे खरे आहे आणि स्तुत्यही आहे. त्याच महिन्यात निकाराग्वाच्या बाजूने सशस्त्र गट त्या देशात शिरले, तेव्हा कोस्टा रिकाने अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या परस्पर संरक्षण कराराचा आधार घेतला आणि तो मिळाला. आपल्या मदतीला असा कोणता करार आहे आणि शेजारी कोण आहेत, ते नकाशा काढून पाहावे.

प्रश्न : हिंगोलीला इंग्रजांच्या काळात छावणी होती असे आजोबा सांगतात. सैन्य घटवण्याच्या चर्चेत आपल्या मराठवाड्याच्या इतिहासाचा काही संबंध येतो का? — इतिहासाची एक विद्यार्थिनी, हिंगोली

येतो, आणि तो आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपवला जातो. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून पराभव झाला तेव्हा कंपनी सरकार तटस्थ राहिले, म्हणून संतापलेल्या निजाम अलीने इंग्रज पलटणी परत पाठवल्या आणि फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या हाताखालचे कवायती सैन्य वाढवले. ते सुमारे १४ हजारांचे झाले होते. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. (हैदराबादेतील मूसारामबाग हे नाव त्याच्याच नावाचे रूप मानले जाते.) सप्टेंबरमध्ये तैनाती फौजेचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये, पगार थकल्याने आधीच खदखदत असलेले ते सैन्य इंग्रजांनी रक्त न सांडता विसर्जित केले. निजामाने हे पैसे वाचवण्यासाठी केले नव्हते; संरक्षणाची काळजी दुसऱ्याने घ्यावी म्हणून केले होते. पण संरक्षण दुसऱ्याकडे सोपवले की त्याची किंमतही दुसराच ठरवतो.

ती किंमत वाढत गेली. तैनाती फौजेसाठी वर्षाला सुमारे २४ लाख रुपये ठरले होते. १८०० मध्ये त्या रकमेच्या बदल्यात बेल्लारी आणि कडप्याकडचा मुलूख कायमचा गेला. पुढे याशिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची आणखी एक फौज निजामाच्या खर्चाने उभी राहिली, तीच ‘हैदराबाद कंटिन्जंट’. तिच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. आपल्या आजोबांची आठवण बरोबर आहे. ज्या फौजेवर निजामाचा हुकूम चालत नव्हता तिच्या पगाराचे कर्ज निजामाच्या डोक्यावर साचत गेले, आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा भाग इंग्रजांकडे लावून द्यावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. स्वतःचे सैन्य पोसायचे टाळणाऱ्याला दुसऱ्याचे सैन्य पोसावे लागते, याचा दाखला धाराशिवकरांनी सात वर्षे अनुभवला आहे.

घरी पाठवलेल्या सैनिकांचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो विचारायला हवा. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या आरंभी दरबारांची सैन्ये मोडत गेली, तसे हत्यार चालवण्यापलीकडे काही न येणारे हजारो शिपाई वाऱ्यावर सुटले. त्यांतले कित्येक पेंढाऱ्यांना मिळाले, आणि १८१७-१८ मध्ये त्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांना मोठी मोहीम काढावी लागली. निजामाच्या मुलखात थकलेल्या पगारापोटी अरब आणि रोहिला शिपायांनी गढ्या अडवून धरल्याच्या हकिगती आहेत.

आणि मग १९४७-४८. भारताशी ‘जैसे थे’ करार झालेला, निजामाचे नियमित सैन्य सुमारे २२ हजारांचेच, त्यामुळे उरलेली पोकळी भरून काढायला रझाकार पुढे आले; त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली केलेला माणूस. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्यासमोर रझाकारांचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यांचे सगळे बळ त्याआधी निःशस्त्र खेड्यांवर खर्च झाले होते. नियमित सैन्य दुबळे ठेवून ज्याला कोणाचाही हिशेब द्यावा लागत नाही असे दल वाढू देणे, हा धोका आजही जुना झालेला नाही. जून २०२३ मध्ये वॅग्नरची भाडोत्री फौज मॉस्कोच्या दिशेने निघाली तेव्हा रशियाच्या सत्ताधाऱ्यांनी तो जवळून पाहिला.

प्रश्न : आता युद्ध ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि संगणक लढणार आहेत. मग माणसे कमी केली तर बिघडले कुठे? चीननेही सैन्य कमी केले आहे. — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नांदेड

चीनचे उदाहरण आपण योग्य जागी दिले आहे आणि ते माझ्या विरोधात नाही. चीनने १९८५ मध्ये दहा लाख आणि २०१५ मध्ये तीन लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली. त्याच काळात त्याचे नौदल जहाजांच्या संख्येने जगात सर्वांत मोठे झाले आणि २०१५ च्या अखेरीस क्षेपणास्त्रांसाठी स्वतंत्र दल उभे राहिले. म्हणजे वाचवलेला पैसा त्याच घरात राहिला. अशी घट मला मान्य आहे. आपल्याकडेही निवृत्त लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने दिलेल्या शिफारशींपैकी ६५ शिफारशी सरकारने २०१७ मध्ये स्वीकारल्या आणि सुमारे ५७ हजार माणसे मागच्या कामांतून काढून उपयोगाच्या जागी नेण्याचे ठरले. लष्कराची ३९ गोठे-दुग्धालये त्यात बंद झाली. १८८९ साली ताजे दूध मिळत नव्हते म्हणून लष्कराने म्हशी बाळगल्या असतील. आज दूध संघांच्या काळात जवानाला धारा काढायला बसवण्यात काही अर्थ नव्हता.

यंत्रांच्या भरवशाचे मात्र तसे नाही. युक्रेनच्या रणभूमीवर ड्रोनचा जितका वापर झाला तितका यापूर्वी कोठेही झाला नव्हता. तरीही रशियाला सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख माणसे बोलवावी लागली आणि युक्रेनला एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणावे लागले. खंदकात बसायला ड्रोन तयार होत नाही. युरोपातील श्रीमंत देशांनी हे उशिरा ओळखले. स्वीडनने २००५ मध्ये गॉटलंड बेटावरील सैन्य काढून घेतले, २०१० मध्ये सक्तीची लष्करी सेवा संपवली; २०१६ मध्ये सैनिक बेटावर परत गेले, २०१७ मध्ये सक्ती परत आणण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये हा सुमारे दोनशे वर्षे लष्करी गटांपासून दूर राहिलेला देश नाटोत दाखल झाला. शीतयुद्धात दोन हजारांहून अधिक लेपर्ड रणगाडे बाळगणाऱ्या जर्मनीकडे अलीकडे तीनशेच्या आसपास उरले होते.

आणि यंत्रेही घटतातच. आपल्या हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. यातली एकही स्क्वाड्रन कोणी ‘कमी करू या’ म्हणून कमी केली नाही. जुनी विमाने वेळेवर म्हातारी झाली आणि नवी वेळेवर आली नाहीत. तेजसचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला आणि पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये उभी राहिली. तुम्ही अभियंता होणार आहात, तेव्हा या तेहतीस वर्षांत काय काय अडले ते एकदा मुळातून वाचा.

प्रश्न : माझा मोठा मुलगा दोन वर्षे पहाटे उठून धावतो आहे. चार वर्षांनी परत यावे लागणार, असे सगळे म्हणतात. सैन्य खरेच कमी होत आहे का? त्याने तयारी करावी की नको? धाकटा दहावीत आहे. — एक आई, गेवराई

ताई, सैन्य कमी करण्याचा कोणताही आदेश निघालेला नाही. पण जे घडले ते असे, की करोनामुळे दोन वर्षे भरती थांबली, निवृत्त होणारे मात्र वर्षाला साधारण साठ हजार होते. जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली आणि पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६ हजार जागा काढण्यात आल्या. साहजिकच लष्करात एक लाखाहून अधिक जागा रिकाम्या झाल्या, हे सरकारने संसदेत सांगितले आहे. मला ही घट सर्वांत जास्त खटकते, कारण ती कोणी ठरवली नाही, तिच्यावर संसदेत वाद झाला नाही आणि तिची जबाबदारीही कोणाची नाही.

योजनेच्या बाजूचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. जवानांचे सरासरी वय ३२ वरून २६ वर आणणे आणि निवृत्तिवेतनाचा वर सांगितलेला भार उतरवणे, ही तिची उद्दिष्टे आहेत आणि उंच पहाडात तरुण पाय लागतात हेही खरे आहे. माझी शंका पंचवीस टक्क्यांविषयी आहे. चार वर्षांनी चौघांतला एकच पुढे राहणार असेल, तर पंधरा वर्षांनी हवालदार होण्याजोगी माणसे किती उरतील? आणि ज्याची नोकरी राहील की जाईल हे शेजारच्या खंदकातल्या जोडीदारावर अवलंबून आहे, तो त्या जोडीदाराकडे कसा पाहील? कदाचित माझी शंका खोटी ठरेल. तसे झाले तर मला आनंदच होईल.

आता आपल्या मुलाचे. त्याने तयारी सोडू नये, पण तयारीची उलटापालट करावी. आता लेखी परीक्षा आधी होते आणि धावण्याची चाचणी नंतर. केवळ सोळाशे मीटरच्या वेळेवर विसंबलेली मुले मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत. बाहेरून पदवीचे शिक्षण चालू ठेवावे. चार वर्षांनी परत आल्यास सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवा निधी हाती येतो, पण निवृत्तिवेतन मिळत नाही; त्या पैशाचे काय करायचे ते तो भरती होण्यापूर्वी घरात बोलून ठेवावे. कोणत्याही अकादमीच्या फीसाठी शेत गहाण टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. धाकट्यासाठी मात्र छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. ती दहावीनंतर मुले निवडून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेते. अर्जाची तारीख शाळेत विचारून ठेवावी. गेवराईच्या बाजूची मुले तिथे फार कमी दिसतात, आणि त्याला बुद्धी हे कारण नाही.

प्रश्न : आपण सैन्य मोठे ठेवा म्हणता, पण राखीव दलाविषयी काहीच लिहीत नाही. आम्ही शिकवलेली मुले चार वर्षांनी घरी येऊन बसणार. त्यांचा देशाला काही उपयोग नाही का? — एक निवृत्त सुभेदार, औसा

साहेब, आपण दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. सैन्य लहान ठेवून सुरक्षित राहण्याचा एकच मार्ग आजवर टिकलेला दिसतो, तो म्हणजे घरी गेलेल्या सैनिकाला सैन्याने विसरू नये. फिनलंडची लोकसंख्या अवघी ५५ लाखांच्या आसपास, शांततेतील सैन्य अगदी छोटे, पण युद्धकाळात ते २ लाख ८० हजार माणसे उभी करू शकते, कारण प्रत्येकाचे हत्यार, तुकडी आणि हजर होण्याचे ठिकाण आधीच ठरलेले असते. आपल्याकडे प्रादेशिक सेना १९४९ पासून आहे. संभाजीनगरच्या उजाड टेकड्यांवर झाडे लावणारी इको पलटण तिचीच, आणि त्या पलटणीत माजी सैनिकच काम करतात. पण ती संख्येने लहान आहे. अग्निपथ योजनेत बाहेर पडणाऱ्या तीनचतुर्थांश तरुणांना निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. त्यांना वर्षातून काही आठवडे पुन्हा बोलावणारे, सराव टिकवणारे राखीव दल मात्र बांधलेले नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात, म्हणजे वेळ फार उरलेला नाही.

आपल्या परिसरातल्या अकरा गावांतील अग्निवीरांची जी यादी आपण पत्रासोबत हाताने लिहून पाठवली आहे, ती मी जपून ठेवली आहे. नाव, गाव, पलटण, परत येण्याचा महिना असे रकाने आपण आखले आहेत, आणि शेवटचा ‘पुढे कोठे’ हा रकाना सगळ्याच नावांपुढे कोरा सोडला आहे. ही यादी आपल्या परवानगीने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवतो. उत्तर आले तर याच सदरात छापीन, न आले तर तेही छापीन.